काळ्या बेटावरच्या बकऱ्या

काल सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले, तर तारेला कापसाचा एवढासा पुंजका लटकलेला. आमच्या रस्त्यावरून जिनिंगकडे जाणारे ट्रॅक्टर सुरू झाले की हे असंच होतं. विजेच्या खांबाला, बाभळीच्या काट्याला, कुणाच्या पापडाच्या खाटेला, जागा मिळेल तिथे कापूस जाऊन बसतो. सकाळी अंगण झाडायला घेतलं की अकोल्याच्या माणसाला कळतं, वेचणी लागली. मी तो पुंजका काढला, बोटांत चुरला, सरकी हाताला लागली. आणि नाकात एकदम समुद्राचा खारा वास आला.

कापसावरून समुद्र आठवणारी उभ्या वऱ्हाडात मी एकटीच असेन. पण मागच्या वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत मी आणि माझा मोठा भाऊ अंदमानच्या समुद्रात एका जहाजावर होतो. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावात लोकांनी तोंडात बोटं घातली. वेचणी सोडून कोणी फिरायला जातं का? लग्न पुढे ढकलतात, दवाखाना पुढे ढकलतात, पण वेचणी नाही. खरी गोष्ट अशी की त्या वर्षी भाऊला वेचायला काही नव्हतंच.

वहिनी चैत्रात गेल्या. आजार आठ दिवसांचा. मिरग आला, गावभर पेरण्या झाल्या, आणि माझा भाऊ, ज्याने ताप अंगात असताना तिफण धरली होती, तो ओट्यावर खाट टाकून बसून राहिला. आठ एकर काळंभोर वावर पहिल्यांदा पडीक राहिलं. मी अकोल्याहून दोनदा जाऊन आले. समजावलं, रागावले, रडलेसुद्धा.

"कोनासाठी पेरू वं?" एवढंच तो म्हणायचा.

पोरं पुण्याला, आपापल्या संसारात. ती बोलवत होती, पण हा जाईना. शेजारच्या वामनने विचारलं होतं, "भाऊ, तुमच्यानं होत नाई, तर मले ठोक्यानं देऊन टाका कायमचं." वामन चांगला माणूस, मनात खोट नाही. ठोक्यानं म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम घेऊन कसायला. भाऊने त्याला सांगितलं, दिवाळी झाली की कळवतो. मला मात्र धडकी भरली. ज्या दिवशी वावर सुटेल त्या दिवशी माझा भाऊही सुटेल, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. सत्तरीचा माणूस. सकाळी उठून जायला एक जागा असते म्हणून उठतो.

तर ज्वालामुखी. तेहतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. "वऱ्हाडातली काळी कसदार माती ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या खडकाची झीज होऊन तयार झाली," हे वाक्य मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलं आहे, की त्यातले काही आता नातवंडांकडून घोकून घेत असतील. स्वतः मात्र ज्वालामुखी पाहिला फळ्यावरच, तोही मीच काढलेला. लाल खडूचा धूर.

वहिनी सातवी शिकलेल्या. दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले की वेचता वेचता मला प्रश्न विचारायच्या. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, तोंड माझ्याकडे. एकदा म्हणाल्या, "बाई, दगडाची माती व्हाले किती दिस लागते?" नणंद म्हणून मला त्या 'बाई' म्हणायच्या, मान द्यायच्या आणि माझी टिंगलही करायच्या, दोन्ही एकाच शब्दात. मी म्हटलं, "लाखो वर्षं." त्यांनी ओटीतला कापूस नीट दाबला आणि म्हणाल्या, "मंग आपन काहून घाई करून राहिलो?" आणि खो खो हसल्या. त्यानंतर त्यांनी धोशाच लावला, की बाई, रिटायर झाल्या की मले एक डाव खराखुरा ज्वालामुखी दाखवा. ठरलंही होतं. दोन जागा, त्यांची आणि माझी.

त्यांच्या जागी मी भाऊचं नाव घातलं. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, मुकाट्यानं पिशवी भर. वहिनी नाई पाहू शकल्या, तं तू पाय." तेहतीस वर्षांचा मास्तरणीचा आवाज होता तो. चालला.

जहाज आदल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरहून सुटलं ते उजाडता उजाडता बॅरन बेटाजवळ आलं. या बेटावर माणूस राहत नाही. उतरायलाही बंदी. जहाज लांबून त्याला फेऱ्या मारतं आणि आपण कठड्याला धरून पाहायचं. प्राणी-पक्षी दाखवायला जहाजावर मिनती नावाच्या एक बाई होत्या. चाळिशीच्या, अंदमानातच जन्मलेल्या, उन्हाने रापलेल्या, आणि आवाज असा खणखणीत की आमच्या शाळेने त्यांना पीटीला घेतलं असतं. हिंदी बोलायच्या, नियम सांगायच्या. पाण्यात काही टाकायचं नाही, शिट्ट्या वाजवायच्या नाहीत, गप्प राहून बघायचं. मला त्या लगेच आवडल्या.

सकाळ काय होती! पाणी नुसतं तेलासारखं सपाट. त्यातून चांदीचे तुकडे उडाल्यासारखे मासे उडत होते, चांगले दहा-बारा हात लांब जाऊन परत पाण्यात. मग मिनती ओरडल्या, "डॉल्फिन! बायीं तरफ!" सगळं जहाज डावीकडे धावलं, मीही धावले, गुडघे विसरून. काळ्या-करड्या पाठी वर येत होत्या, जात होत्या, एक पिल्लू आईला चिकटून. मी आयुष्यात इतकी मोठ्याने "अगं बाई!" म्हटलेली नाही.

वळून पाहिलं, तर भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर, समुद्राकडे पाठ करून, जहाजाच्या जिन्याकडे बघत बसलेला. गळ्यात दुपट्टा, मांडीवर हात.

"अरे भाऊ, पाय तं खरं!"

"पानीच पानी. पाह्याचं काय त्याच्यात?"

मला असा राग आला म्हणून सांगू. एवढा खर्च, एवढी धावपळ, विमानात याचा हात धरून बसले, आणि हा जिना बघतोय. तोंडावर आलेले शब्द मी गिळले. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि त्यालाही. तो बुधवार होता. दिवाळीनंतरचा पहिला बुधवार. आमच्या घरी या दिवशी सीतादही असतं.

सीतादही म्हणजे वेचणीचा मुहूर्त. कापसाला हात लावण्याआधी घरची बाई वावरात जाते, पऱ्हाटीच्या चार झाडांना हळदकुंकू लावते आणि दही-भात शिंपडते, की दह्यासारखा पांढराशुभ्र कापूस घरात येऊ दे. मग वेचणी. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. वहिनी शिंपडताना एक वाक्य म्हणायच्या, त्यांनी माहेराहून आणलेलं, नाहीतर स्वतःच जुळवलेलं. "तुह्यं तुले, उरलं आमाले." मातीशी बोलायच्या त्या, बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं. भाऊ तेव्हा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहायचा. पुरुषाचं तिथे काम नसतं. चव्वेचाळीस वर्षं तो धुऱ्यावरून ते वाक्य ऐकत आला.

मग बेट जवळ आलं. पुस्तकातल्यापेक्षा लहान वाटलं मला आधी. शेंड्यावर पांढरट धूर, चुलीतून ओलं सरपण धुमसावं तेवढाच. पण त्याखाली जो उतार होता तो काळा. कोळशाचा काळा नाही, डांबराचा नाही. पहिला पाऊस पडून वखरलेल्या वावराचा काळा. शेंड्यापासून थेट पाण्यापर्यंत.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उठला. माझ्या बाजूला येऊन कठड्याला टेकला.

"हे आपलंच हाय," तो म्हणाला.

मी लगेच सुरू झाले. खोड जाते का! लाव्हा, थर, झीज, लाखो वर्षं.

"मास्तरीन, चूप बस थोडी," भाऊ म्हणाला. "पाहू दे."

गेल्या सात महिन्यांत त्याने स्वतःहून काही पाहायला मागितलं नव्हतं.

जहाज बेटाच्या कडेने सावकाश निघालं. लोक धुराचे फोटो काढत होते. पांढऱ्या पोटाचा एक समुद्री गरुड वरून फिरला, त्याच्यामागे कॅमेऱ्यांच्या तोफा फिरल्या. मिनती सांगत होत्या, की या बेटावर माणूस नाही, पण फार पूर्वी कोणत्या तरी जहाजाने सोडलेल्या बकऱ्या आहेत. रानटी झाल्यात. क्वचित दिसतात. मला हसूच फुटलं. अख्खा देश ओलांडून, समुद्र ओलांडून आलो, आणि पाहायचं काय, तर बकऱ्या! आमच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे, त्या रोज माझ्या पिशवीतली मेथी ओढतात.

"थे पाय," भाऊ म्हणाला.

"काय?"

"थ्या उभ्या दगडाच्या मांगं. हालली."

मला दगडही दिसेना. मिनतींनी दुर्बीण लावली, इकडून तिकडे फिरवली, आणि त्यांचा खणखणीत आवाज एकदम मऊ झाला. "अरे, सच में! चार हैं."

"पाच," भाऊ म्हणाला. आमचं वऱ्हाडी हिंदी कसं असतं ते सांगायला नको. "एक बैठी है. अन् वो पीछेवाली गाभन है."

मिनती हसल्या. "अंकल, इतनी दूर से पेट दिखता है आपको?"

"पेट नई देखना बेटी. चाल देखना. पाय कैसा टाकती, वो देखना."

मिनतींनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. आधी त्याने उलटी धरली, मग सुलटी. आणि मग ती परत द्यायलाच तयार नाही! मोठ्या कॅमेऱ्यांची मंडळी "गोट्स, ओन्ली गोट्स" म्हणून पांगली, आणि हे दोघं कठड्याला चिकटून बकऱ्या बघत राहिले. काय खातात? राखेवर थोडं गवत आलंय, कडेला झुडपं आहेत, ते. गोडं पाणी? माणसांना वाटायचं की तिथे पाणीच नाही. पण डोंगरात कुठेतरी झरा आहे, तो बकऱ्यांना सापडला.

"कोनं सांगतलं त्याईले?" भाऊने मला विचारलं. "कोनी पेरलं नाई, कोनी राखलं नाई. अन् राहून राहिल्या."

आणि मग विचारलं, "ह्या बेटाचं नाव काय म्हनली थे?"

"बॅरन. म्हणजे पडीक."

त्याने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते नाव मीच ठेवलं होतं. "पडीक काह्याचं? बकरी गाभन हाय तिथं."

दुपारी जेवण होतं. जहाजावरच्या जेवणात एका बाजूला भाताचं पातेलं, दुसऱ्या बाजूला दह्याचं. मी पोळी-भाजी घेऊन बसले. भाऊ ताट घेऊन आला नाही. वाट पाहिली, मग शोधायला निघाले. जहाजाच्या मागच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. जहाज बेटाला शेवटचा वळसा घालत होतं. भाऊ कठड्याशी उभा होता, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, डाव्या हातात कागदी ताटली, तिच्यात दही-भात कालवलेला. त्याने उजव्या हाताने घास उचलला आणि बेटाच्या दिशेने शिंपडला. अर्धा वाऱ्याने परत त्याच्याच सदऱ्यावर आला. त्याला ते जमत नव्हतं. कसं जमणार? हे बाईचं काम, त्याने कधी हात लावला नव्हता. दुसरा घास उचलला.

"तुह्यं तुले," तो म्हणाला.

आणि थांबला. ओठ हलले, पण पुढचं आलं नाही. मी तिथेच जिन्याशी उभी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, म्हण ना रे, पुढचं म्हण! पण ज्याच्या घरात काही उरलंच नाही असं त्याला वाटत होतं, त्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावं?

तेवढ्यात मिनती आल्या आणि कडाडल्याच. "ये क्या कर रहे हैं आप? सुबह से बोल रही हूँ, पानी में खाना नहीं डालना! पक्षियों को आदत लग जाती है. इतना समझाया था!" माझा चेहरा लाजेने लाल. शाळेच्या सहलीत पोरांनी शेंगांची टरफलं टाकली तर मी उठाबशा काढायला लावायचे, आणि इथे माझाच भाऊ.

भाऊने ताटली छातीशी धरली. घाबरला नाही, चिडला नाही.

"पक्षी को नई दिया बेटी," तो म्हणाला. "जमीन को दिया."

मिनतींनी बेटाकडे पाहिलं, त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मी पुढे होऊन मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. सीतादही, वहिनी, बुधवार, पडीक राहिलेलं वावर. सांगता सांगता मीच रडले. भाऊ नाही. मिनती म्हणाल्या, त्यांची आईही धान कापायच्या आधी शेताच्या बांधावर काहीतरी ठेवायची. काय ठेवायची ते त्यांनी कधी विचारलंच नाही. मग त्यांनी ताटली त्याच्या हातून घेतली आणि मास्तरणीला शोभेल अशा आवाजात म्हणाल्या, "मगर अब और नहीं डालना, अंकल. नियम मतलब नियम."

भाऊने कठड्याला लागलेलं दही दुपट्ट्याने पुसून काढलं. चपला घातल्या. मग स्वतः जाऊन ताट वाढून घेतलं आणि दोनदा भात मागितला.

परतीच्या वाटेवर बेट मागे मागे जात होतं. शेवटी नुसता धूर दिसायला लागला. डॉल्फिन पुन्हा आले, भाऊने या वेळी पाहिले, "म्हशीवानी डुंबून राहिले" असा शेराही मारला. खूप वेळाने, कशावरून कशाला, म्हणाला, "मिरगाले किती महिने हाय वं?"

मी बोटांवर मोजले. "सात."

"सात," तो म्हणाला. "तन लय झालं वावरात. कुंदा तं खनूनच काढा लागन."

मी समुद्राकडे तोंड फिरवलं. काही बोलले असते तर सगळं बिघडवलं असतं, आणि बिघडवायची मला चांगली सवय आहे. वामनला काय सांगायचं हेही मी विचारलं नाही. गावी पोचल्यावर भाऊनेच त्याला सांगितलं. ठोक्याने देत नाही, पण कुंदा खणायला ये म्हणाला. वामन आला, बरोबर दोन माणसंही घेऊन आला.

या वर्षभरात सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. मधे बोंडअळीने त्याला रडवलं, एकदा पेरणी वाया गेली, दुबार पेरलं. काही संध्याकाळी त्याचा फोन येतो आणि तो काहीच बोलत नाही, मीही नुसती धरून बसते. पण तक्रार करायला त्याच्याकडे पुन्हा पाऊस आहे, अळी आहे, डुकरं आहेत. माणूस तक्रार करतोय म्हणजे उद्याचा विचार करतोय. आणि मागच्या महिन्यात माझ्या फोनवर मिनतींचा एक फोटो आला. काळा उतार, त्यावर करडे ठिपके. खाली लिहिलं होतं, "अंकल को दिखाइए." मी भाऊला पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"सात हाय. दोन पिल्लं. म्या सांगतलं होतं का नाई?"

काल कापसाचा पुंजका तारेवर सापडला आणि दुपारीच त्याचा फोन. "सुमे, उद्या बुधवार हाय. दही तू आनजो. इथलं लय आंबट झालं." बस्स, एवढंच. निमंत्रण म्हणायचं तर हेच.

आज सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. मांडीवर दह्याचा डबा, रस्ताभर दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या. वावरात पोचले तेव्हा दव सुकलं होतं. वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर बसून माझी वाट पाहत होत्या, आणि भाऊ त्यांच्या पलीकडे, त्याच्या नेहमीच्या जागी. पऱ्हाटी कमरेला लागत होती. सगळी नाही फुटलेली, पण जिथे फुटली तिथे नुसतं पांढरं. मी चपला काढल्या. चार झाडांना हळदकुंकू लावलं. हे मी कधी केलं नव्हतं, वहिनी असताना मला फक्त बघायचं माहीत. भात कालवला, घास उचलला, शिंपडला.

"तुह्यं तुले," मी म्हटलं. समोर ती काळी माती, तिच्यावर पांढरी शितं, आणि वहिनींचा हसण्याचा आवाज कानात. पुढचे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात.

मागून पावलं वाजली. चव्वेचाळीस वर्षांत सीतादहीच्या वेळी जो धुऱ्यावरून खाली उतरला नव्हता, तो पऱ्हाटीच्या ओळींमधून चालत आला. चपला त्याने धुऱ्यावरच काढल्या होत्या.

"उरलं आमाले," भाऊ म्हणाला, आणि वाकून पहिलं बोंड त्याने स्वतः वेचलं.